पाचशे वर्षांत सिफिलिसचा जीवाणू किती बदलला?

प्रश्न असा आला आहे: "सिफिलिसवर 1943पासून पेनिसिलिन वापरतात आणि ते अजूनही लागू पडतं. मग हा जीवाणू बदलतच नाही का? बदलत नसेल तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आजार पुन्हा का वाढला? आणि तो कोलंबसाने युरोपात आणला हे डीएनएने सिद्ध झालं, असं वाचलं. खरं आहे का?"

मी त्वचारोग आणि गुप्तरोगाच्या ओपीडीत बसणारा डॉक्टर आहे, जनुकांचा अभ्यास मी गरजेपोटी केला. या तीन प्रश्नांना वेगवेगळी उत्तरं देता येतील, पण मुळाशी एकच गोष्ट आहे: हा जीवाणू एकंदरीत कमालीचा संथ बदलतो, आणि एका ठरावीक जनुकात मात्र कमालीचा वेगाने. हे दोन वेग वेगळे ठेवले की बरंचसं कोडं सुटतं.

आधी प्राणी कोण ते पाहू. ट्रेपोनेमा पॅलिडम, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या सिफिलिसचा जीवाणू. 1905मध्ये बर्लिनला शाउडिन आणि हॉफमन यांनी तो पहिल्यांदा पाहिला. आजही तो पाहायचा तर त्यांच्यासारखाच ताजा स्राव लागतो. रुग्णाचा व्रण (आजाराची पहिली जखम) गॉजने हलका पुसायचा, रक्त येऊ द्यायचं नाही, मग कडा दाबून जे स्वच्छ पाणी सुटतं त्याचा थेंब काचेवर घ्यायचा आणि लगेच डार्क फील्ड, म्हणजे काळी पार्श्वभूमी देणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. काळ्याभोर पार्श्वभूमीवर एक बारीक चमकणारी मळसूत्री तार दिसते. ती स्वतःभोवती गरगर फिरते आणि मधूनच कमरेत वाकते. लांबी 6 ते 15 मायक्रॉन, जाडी 0.2 मायक्रॉनच्या आसपास. इतका बारीक, की नेहमीचा रंग (ग्रॅम स्टेन) देऊन साध्या सूक्ष्मदर्शकात शोधत बसलात तर काहीच हाती लागणार नाही. स्लाइड घेऊन दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये सावकाश चालत गेलात तरी पंचाईत, कारण शरीराबाहेर त्याचा दम फार टिकत नाही.

हा नाजूकपणा त्याच्या जीनोममध्येच, म्हणजे संपूर्ण डीएनएमध्ये, लिहिलेला आहे. 1998मध्ये त्याचा संपूर्ण जीनोम वाचला गेला: सुमारे 11 लाख 38 हजार अक्षरं आणि हजाराच्या थोडी वर जनुकं. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायकडे याच्या चौपट जनुकं असतात. ट्रेपोनेमाने काय काय टाकून दिलंय याची यादी पाहिली की थक्क व्हायला होतं. अन्नातून ऊर्जा काढणारी क्रेब्ज सायकल नाही. चरबीची आम्लं स्वतः बनवता येत नाहीत. बरीचशी अमायनो आम्लंही नाहीत. सगळं आपल्याकडून आयतं घ्यायचं. अशा परजीवी जीवाणूंच्या बाबतीत उत्क्रांती म्हणजे पुष्कळदा कमावणं नसतं, गमावणं असतं.

म्हणूनच तो प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता. 1912मध्ये वॉशिंग्टनला न्यूरोसिफिलिसच्या एका रुग्णाच्या मेंदूभोवतीच्या पाण्यातून मिळालेला 'निकोल्स' हा स्ट्रेन (जीवाणूचा वाण) शंभर वर्षं सशांच्या वृषणात, एका सशातून दुसऱ्यात, असा जिवंत ठेवला गेला. सिफिलिसच्या टीपीएचए या रक्तचाचणीच्या मूळ किटमधलं अँटिजेन (अँटिबॉडी ज्याला चिकटते तो जीवाणूचा भाग) त्याच सशांमधून येत असे. पेशींसोबत, कमी ऑक्सिजनमध्ये तो सलग वाढवता येतो हे ह्यूस्टनच्या गटाने 2018मध्ये दाखवलं, म्हणजे अगदी काल-परवा. गोनोरियाचा जीवाणू प्लेटवर रातोरात वाढतो, त्यामुळे त्याच्याबद्दल आपल्याला ढीगभर माहिती आहे. याच्याबद्दल जी मिळाली ती बहुतेक गेल्या पंधरा वर्षांतली, तीही जीवाणू न वाढवता व्रणाच्या स्वॅबमधून थेट डीएनए गोळा करून.

आता वेग. ई. कोलायला सोयीची परिस्थिती मिळाली तर तो वीस मिनिटांत दुप्पट होतो. ट्रेपोनेमाला एका विभाजनाला तीस तास किंवा त्याहून जास्त लागतात. जगभरातून गोळा केलेले जीनोम तारखेनुसार लावून हिशेब केला तर पूर्ण 11 लाख अक्षरांमध्ये टिकणारा बदल साधारण सहा-सात वर्षांतून एक. म्हणजे 1912चा निकोल्स आणि आज तुमच्या शहरात सापडणारा जीवाणू यांच्यात फरक आहे, पण तो शोधायला नेटाने बसावं लागतं. सिफिलिसचा ट्रेपोनेमा आणि यॉजचा ट्रेपोनेमा यांच्या जीनोममध्ये 0.2 टक्क्यांहूनही कमी अंतर आहे. एक लैंगिक संबंधातून येतो, गर्भापर्यंत आणि मेंदूपर्यंत पोचतो. दुसरा खेळणाऱ्या मुलांमध्ये कातडीला कातडी लागून पसरतो. त्वचेवर आणि हाडांत राहतो.

इतका संथ जीवाणू वीस-वीस वर्षं माणसाच्या शरीरात कसा तग धरतो? प्रतिकारशक्ती त्याला ओळखत नाही असं मुळीच नाही. पहिला व्रण उपचाराशिवायही काही आठवड्यांत भरून येतो तो तिच्यामुळेच. गंमत पुढे आहे. व्रण भरतो, रुग्णाला वाटतं सुटलो, आणि काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर पुरळ उठतं. मधल्या काळात शरीरात काय चाललेलं असतं याचं एक मोठं उत्तर टीपीआर-के नावाच्या जनुकात आहे.

टीपीआर कुटुंबात बारा जनुकं आहेत, टीपीआर-ए ते टीपीआर-एल. त्यातलं के हे पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं जनुक. त्याचे सात भाग सतत बदलतात आणि मधले भाग स्थिर राहतात. बदल एकेक अक्षर चुकून होत नाही. जीनोममध्ये दुसरीकडे, टीपीआर-डीच्या शेजारी, सुटे तुकडे साठवलेले आहेत, पन्नासच्या वर. विभाजन होताना त्यातल्या एखाद्या तुकड्याची नक्कल टीपीआर-केच्या एका बदलत्या भागात येऊन बसते आणि साठ्यातला मूळ तुकडा जिथल्या तिथे राहतो. जुन्या साड्यांच्या गाठोड्यातून ठिगळं घेऊन एकच गोधडी पुन्हा पुन्हा शिवावी, आणि गाठोडं कधीच रिकामं होऊ नये, तसं. सात भाग, प्रत्येक भागाला अनेक ठिगळं, शिवाय एका ठिगळाचा अर्धा आणि दुसऱ्याचा अर्धा असे जोडही होतात. तेव्हा संभाव्य रूपांची संख्या अफाट होते. त्यासाठी जीनोमला एक नवं अक्षरही बनवावं लागत नाही.

एकाच रुग्णाच्या एकाच स्वॅबमध्ये टीपीआर-केची कितीतरी रूपं एकाच वेळी सापडतात. पहिल्या व्रणात ती कमी असतात, दुसऱ्या टप्प्यातल्या पुरळात जास्त. अँटिबॉडी तयार झाली की ज्यांचं रूप तिला माहीत आहे ते मारले जातात आणि ज्यांनी ठिगळ बदललं ते उरतात. हा नुसता तर्क नाही. अमेरिकेतल्या सिएटलच्या गटाने अलीकडे साठ्यातले बहुतेक तुकडे काढून टाकलेला ट्रेपोनेमा तयार केला. सशांमध्ये तो सोडल्यावर आजार स्पष्टपणे सौम्य झाला. ज्या जीवाणूला आपण परवापर्यंत वाढवू शकत नव्हतो त्याच्या जीनोममध्ये आता कापाकापी करता येते, हे मला व्यक्तिशः या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं पाऊल वाटतं.

रुग्ण विचारतात, "एकदा झाला म्हणजे आता पुन्हा होणार नाही ना?" होतो. पुन्हा पुन्हा होतो, आणि त्यामागे हे जनुक आहे.

आता पेनिसिलिन. ते अजून चालतं यात जीवाणूचा भाबडेपणा नाही, त्याच्या राहणीची मर्यादा आहे. गोनोरियाच्या जीवाणूने 1976मध्ये पेनिसिलिन फोडणारं एन्झाइम मिळवलं ते दुसऱ्या जीवाणूकडून आलेल्या प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर. घशात, गुदमार्गात, मूत्रमार्गात तो इतर जीवाणूंच्या गर्दीत राहतो आणि परकी जनुकं सहज उचलतो. सिफिलिसच्या ट्रेपोनेमात असा प्लास्मिड सापडत नाही, आणि तो रक्तात-ऊतींमध्ये जवळपास एकटाच असतो. उधार कोणाकडून घेणार? स्वतःच्याच भांडवलावर प्रतिकार उभा करायचा तर पेनिसिलिन जिथे चिकटतं त्या प्रथिनांत बहुधा एकामागून एक अनेक बदल व्हावे लागतील, आणि जीवाणूची भिंत बांधण्याचं त्यांचं कामही अडता कामा नये. सहा-सात वर्षांत एक अक्षर या चालीने ते अवघड आहे. अशक्य मात्र कोणी म्हणत नाही. त्या प्रथिनांच्या जनुकांतले बदल संशोधक डोळ्यांत तेल घालून पाहत असतात.

याउलट ॲझिथ्रोमायसिनची गोष्ट. हे औषध जीवाणूच्या रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, चिकटतं. तिथल्या 23एस आरएनएमध्ये 2058 क्रमांकावरचं 'ए' हे अक्षर 'जी' झालं की औषध बसत नाही. एक अक्षर, बस. जवळच्या 2059वरचा बदलही तेच काम करतो. ट्रेपोनेमाकडे या जनुकाच्या दोनच प्रती आहेत आणि प्रतिकारक स्ट्रेनमध्ये दोन्ही बदललेल्या सापडतात. 1977मध्ये अटलांटात एका रुग्णाकडून 'स्ट्रीट 14' हा स्ट्रेन मिळाला होता. एरिथ्रोमायसिन घेऊनही तो रुग्ण बरा होत नव्हता. कारण बऱ्याच वर्षांनी कळलं: 2058. त्या वेळी तो अपवाद समजला गेला. मग एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत, एकाच वेळी चार गोळ्या देऊन काम भागवू म्हणून ॲझिथ्रोमायसिन वापरलं गेलं आणि रुग्ण परत येऊ लागले. 2004मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत डब्लिनच्या नमुन्यांपैकी 88 टक्क्यांत हा बदल होता. शांघायसारख्या शहरांत तर पुढे जवळजवळ सगळेच नमुने प्रतिकारक निघाले.

जीनोमच्या वंशवृक्षावर हा बदल रंगवला की आणखी एक गोष्ट दिसते. तो एकदाच होऊन जगभर पसरलेला नाही. वेगवेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा झालेला आहे. संथ जीवाणूमध्ये हे होतं याचा अर्थ निवडीचा दाब जबरदस्त आहे. आणि हा दाब सिफिलिसच्या उपचारातूनच आला असंही नाही. खोकला, घसा, क्लॅमिडिया, जुलाब, काहीही झालं की लोक ॲझिथ्रोमायसिन घेतात. अंगात सुप्त सिफिलिस असलेल्या माणसाने तीन दिवसांचा कोर्स घेतला की आतल्या ट्रेपोनेमांची चाळणी होते, आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. आपल्याकडे मेडिकलवाला "साधा घसा आहे ना" म्हणत जी स्ट्रिप काढून देतो ती बऱ्याचदा हीच.

यॉजमध्ये हाच प्रकार डोळ्यांदेखत घडला. पापुआ न्यू गिनीच्या लिहीर बेटावर 2013मध्ये जवळपास सगळ्या लोकसंख्येला ॲझिथ्रोमायसिनचा एकेक डोस दिला. रुग्ण झपाट्याने घटले. काही वर्षांनी पुन्हा डोकं वर काढलं तेव्हा त्यातल्या एका गावातल्या काही रुग्णांमध्ये 2059चा बदल होता.

आपल्या सरकारी दवाखान्यांत जननेंद्रियावरच्या व्रणासाठी जे पांढरं किट मिळतं त्यात ॲझिथ्रोमायसिनही असतं आणि बेन्झाथिन पेनिसिलिनही. सिफिलिस बरा करते ती सुई. गोळ्या शँक्रॉइड या व्रण करणाऱ्या दुसऱ्या गुप्तरोगासाठी आहेत. हे स्पष्ट सांगायचं कारण असं, की खाजगीत अनेक जण रिॲक्शनच्या भीतीने 24 लाख युनिटची सुई टाळतात आणि गोळ्यांवर भागवतात. व्रण तर काहीही न करता भरतोच, त्यामुळे डॉक्टरही खूश आणि रुग्णही. पेनिसिलिन खरोखरच चालत नसेल तर डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 14 दिवस, हा पर्याय आहे. गरोदर स्त्रीला मात्र पेनिसिलिनच, ॲलर्जी असेल तर डिसेन्सिटायझेशन (थोडं थोडं वाढवत देऊन सवय लावणं) करून.

मग आजार वाढला तो नवा, जास्त भयंकर जीवाणू आला म्हणून का? वंशवृक्ष काय सांगतो ते पाहा. जगातल्या सिफिलिसच्या दोन मुख्य शाखा आहेत: निकोल्ससारखे आणि स्ट्रीट 14सारखे. 2016मध्ये झुरिकच्या गटाने 13 देशांतल्या 70 नमुन्यांवरून दाखवलं की आज सर्वत्र दिसणारी स्ट्रीट 14ची उपशाखा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावली. 2021मध्ये 23 देशांतले 726 जीनोम एकत्र मांडले गेले. त्यात 1990च्या दशकाच्या सुमारास जीवाणूची विविधता आक्रसलेली दिसते आणि 2000नंतर थोड्याच उपशाखा झपाट्याने पसरलेल्या दिसतात. एचआयव्हीच्या भीतीचा काळ, कंडोमचा प्रसार, मग एचआयव्हीवर प्रभावी औषधं (एआरटी) आल्यावर ओसरलेली भीती, हा क्रम डोळ्यासमोर ठेवा आणि तो आलेख पाहा. वेगळं स्पष्टीकरण शोधायची फारशी गरज पडत नाही. दूरदूरच्या देशांत जवळजवळ एकसारखे जीनोम सापडतात, म्हणजे जीवाणू विमानाने फिरतोय. दोन्ही शाखांचे रुग्ण दवाखान्यात सारखेच दिसतात, कुठलीही शाखा जास्त घातक असल्याचं मला पटेल असं काही समोर आलेलं नाही. 2022मध्ये जगात 15 ते 49 वयोगटात सुमारे 80 लाख नवे संसर्ग झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्याला जबाबदार माणसांच्या संबंधांचं जाळं आणि तपासण्यांतली ढिलाई. जनुकांवर खापर फोडता येणार नाही.

आता कोलंबस. 1495च्या सुमारास नेपल्सला फ्रेंच सैन्यात हा रोग भडकला, कोलंबस 1493मध्ये परतला होता, म्हणून दोन्हींची सांगड घातली गेली. आपल्याकडेही सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात 'फिरंग रोग' येतो आणि त्यावर चोपचिनी सांगितली आहे, तेव्हा तो इथे पोर्तुगिजांच्या पाठोपाठ आला असं मानायला जागा आहे. हाडांवरच्या खुणांवरून वाद शंभर वर्षं चालला, कारण सिफिलिस, यॉज आणि त्यांच्याच कुटुंबातला बेजेल हे तिन्ही हाडं जवळपास सारखीच खातात. निकाल लागायचा तर हाडातला डीएनएच हवा, आणि ट्रेपोनेमाचा डीएनए जुन्या हाडात अत्यंत कमी उरतो.

गेल्या काही वर्षांत तो मिळाला. 2018मध्ये मेक्सिको सिटीतल्या वसाहतकाळातल्या एका मठाच्या दफनांतून, 2020मध्ये फिनलंड, एस्टोनिया आणि नेदरलँड्समधून. युरोपातल्या त्या नमुन्यांत इतकी विविधता होती, शिवाय एक आजवर अज्ञात शाखाही, की कोलंबसाआधीच युरोपात काहीतरी होतं असं म्हणणाऱ्यांना बळ मिळालं. मग 2024च्या सुरुवातीला ब्राझीलच्या सांता कातारिना किनाऱ्यावरच्या सुमारे 2000 वर्षं जुन्या सांगाड्यांतून बेजेलच्या जवळचा ट्रेपोनेमा निघाला. बेजेल आज कोरड्या, उष्ण प्रदेशांचा आजार समजला जातो, आणि हा दमट किनारा! त्याच वर्षाच्या शेवटी लाइपझिगच्या गटाने मेक्सिको, पेरू, चिली आणि अर्जेंटिनातले पाच प्राचीन जीनोम मांडले. कोलंबसाच्या आधी अमेरिकेत या कुटुंबाच्या अनेक शाखा नांदत होत्या आणि त्यांचा समान पूर्वज 9000 वर्षांपर्यंत मागे जाऊ शकतो, असा त्यांचा निष्कर्ष.

म्हणजे कुटुंबाचं मूळ अमेरिकेत असण्याकडे पारडं स्पष्टपणे झुकलंय. पण "सिद्ध झालं" हा शब्द मी वापरणार नाही. प्राचीन अमेरिकेत सापडले ते सिफिलिसचे चुलतभाऊ, आजच्या सिफिलिसचा थेट पूर्वज अजून कोणी हाडातून काढलेला नाही. आजच्या सिफिलिसच्या शाखांचा समान पूर्वज 1500नंतरचा येतो, पण सहा-सात वर्षांत एक अक्षर या घड्याळावर शतकं मोजायची तर काटा दोन्ही बाजूंना बराच हलतो. त्यात सिफिलिस, यॉज, बेजेल या पोटजातींमध्ये जनुकांची देवाणघेवाण झाल्याच्या खुणा आहेत. यॉजचा तुकडा सिफिलिसच्या जीनोममध्ये बसलेला असला तर वय आणखीच चुकतं. 'कोलंबसाने आणला' या मथळ्यापेक्षा हे चित्र गुंतागुंतीचं आहे, आणि मला तरी ते जास्त रंजक वाटतं.

या नात्यागोत्याचा ओपीडीत एक थेट परिणाम होतो. यॉज आपल्याकडेही होता, गडचिरोली-चंद्रपूर, बस्तर, कोरापूट या आदिवासी पट्ट्यात. शेवटचा रुग्ण 2003मध्ये आढळला आणि 2016मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं. पण लहानपणी यॉज झालेली माणसं आज वयस्कर झाली आहेत आणि त्यांची टीपीएचए आयुष्यभर पॉझिटिव्ह राहू शकते. ती चाचणी यॉज आणि सिफिलिस वेगळे करू शकत नाही, 0.2 टक्क्यांचा फरक तिला दिसतच नाही. तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी पॉझिटिव्ह आलेल्या त्या भागातल्या आजोबांना सगळ्यांसमोर भलतेसलते प्रश्न विचारण्याआधी गाव कुठलं ते विचारा. पुढची उलटी काळजी करू नका: जीवाणू बदलल्यामुळे तपासण्या फसत नाहीत. व्हीडीआरएल ही दुसरी रक्तचाचणी जीवाणूचं प्रथिन पाहतच नाही, आणि टीपीएचए किंवा रॅपिड किटमधली प्रथिनं संथ भागातली आहेत, टीपीआर-केसारखी नाहीत.

एक शेवटचं, विशेषतः वैद्यकीय महाविद्यालयांतल्या निवासी डॉक्टरांसाठी. या जागतिक वंशवृक्षात भारतातले जीनोम फार थोडे आहेत. संसर्ग टाळण्यासाठी संबंधानंतर 72 तासांत 200 मिग्रॅ डॉक्सिसायक्लिन घेण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत रूढ होतेय, तेव्हा ते औषध जिथे चिकटतं त्या 16एस आरएनएमधल्या बदलांवरही नजर ठेवावी लागेल. ओला व्रण असलेला रुग्ण आला की आपण व्हीडीआरएलचं रक्त पाठवून मोकळे होतो. रक्तात ट्रेपोनेमाचा डीएनए इतका विरळ असतो की जीनोम वाचणं क्वचितच जमतं, व्रणात तो भरपूर असतो. सुई देण्याआधी, रुग्णाची परवानगी घेऊन, व्रणाच्या तळावरून एक स्वॅब फिरवा, डीएनए टिकवणाऱ्या द्रावणात बुडवा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. सुई दिल्यावर दुसऱ्या दिवशी घेतलेल्या स्वॅबचा फारसा उपयोग नाही.